वनिताबाईंनी सही केली नाही

वनिता ठोंबरे चिडल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. त्या दिवशी मनोजसाहेबांच्या केबिनमध्ये तो इतका उतरला होता, की दाराशी उभं राहूनही मला कान द्यावा लागला.

"या माणसाला मी शिकवलेलं नाही. कागदावर माझं नाव लागणार नाही."

वनिताबाई मूळच्या कोंडाण्याच्या, शेतकरी घरातल्या. रसायनीच्या आमच्या कारखान्यात एकोणीस वर्षं त्या कामगारांना सुरक्षेचं शिक्षण देत होत्या. मी शेजारच्या प्रयोगशाळेत. त्यांची पद्धत जुनी आणि पक्की. शिकणारा कोण, त्याला काय येत नाही, हे आधी बघायचं. मग धडा आखायचा, आपल्या वहीत चित्रं काढून तयार करायचा, शिकवायचा आणि शेवटी परीक्षा घ्यायची. या सगळ्याला तीन आठवडे लागत. कायम कामगार होते तोवर हे चाललं. मग कंत्राटी माणसं आली आणि दर पंधरवड्याला चेहरे बदलू लागले. धडा तयार होईपर्यंत शिकणारा साजगावच्या एखाद्या कारखान्यात गेलेला असे.

मनोजसाहेब नवे व्यवस्थापक. त्यांनी मोबाइलवर बारा मिनिटांचा हिंदी व्हिडिओ आणला. खाली दहा प्रश्न. बरोबर आले की हिरवी खूण.

"मॅडम, तुमची ती वही आता म्युझियममध्ये ठेवा," ते सगळ्यांसमोर हसत म्हणाले.

बाईंनी वही कपाटात टाकली आणि शिकवणं थांबवलं. व्हिडिओ उघडूनसुद्धा पाहिला नाही.

चार महिन्यांनी धाऊ भाजला. डोंगराकडच्या वाडीवरचा, चाळिशीचा कंत्राटी माणूस. ॲसिडच्या पाइपाचा जोड उघडताना उरलेलं ॲसिड त्याच्या उजव्या हातावर आलं. चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं: प्रशिक्षण पूर्ण, गुण शंभरपैकी शंभर. खाली बाईंच्या सहीची जागा रिकामी.

सही करण्याआधी बाई खोपोलीच्या दवाखान्यात गेल्या. मीही सोबत होतो.

"धाऊ, शंभर गुण कसे मिळाले रं तुला?"

"मुकादमानं आमचे समद्यांचे फोन गोळा केले बाई, आन् त्यानंच बटनं दाबली."

"म्हणजे तू बघितलंच नाहीस?"

"यकदा बगितला ना. त्यातला पाईप निळा, नवाकोरा. आमचा गंजलेला हाय. कुटला बोल्ट आदी ढिला करायचा, ते त्यात नायच."

बाईंनी तिथल्याच बाकावर बसून तो व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला. खरंच नव्हतं. आपल्यापासून लांबचा बोल्ट आधी ढिला करायचा, म्हणजे आत काही उरलं असेल तर ते पलीकडे उडतं, एवढीशी गोष्ट.

"माझ्या वहीत आहे हे, चित्र काढून," त्या म्हणाल्या. "आणि मी रुसून बसले! त्यांना माणसं दिसली नाहीत, आणि मला माझा अपमान दिसला."

दुसऱ्या दिवशी केबिनमधला तो प्रसंग घडला. सहीऐवजी बाईंनी दोन पानी जबाब लिहून दिला. त्यात मुकादमाने गोळा केलेले फोन होते आणि स्वतःच्या रुसव्याचे चार महिनेही. त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. मुकादमाला काहीच मिळालं नाही.

त्यांनी पद्धत सोडली नाही, वर्गखोली सोडली. भंगारातला एक गंजका जोड आवारात बसवून त्यात पाणी भरलं. नवा माणूस आला की त्याच्या हातात पाना द्यायचा आणि म्हणायचं, उघड. चुकीचा बोल्ट काढला की पाणी अंगावर. त्याला काय येत नाही ते तिथेच कळे आणि धडा तिथेच होई. हात बरोबर चालेपर्यंत पाना पुन्हा पुन्हा त्याच्याच हातात. तीन आठवड्यांचं काम अर्ध्या तासावर आलं. धाऊ परतल्यावर बाईंनी भांडून त्याला तिथेच शिकवायला उभा केला. त्याची दोन बोटं मिटत नाहीत. तो वाडीच्या बोलीत सांगतो आणि माणसं ऐकतात.

मागच्या महिन्यात बाहेरून पाहुणे आले. "हा आमचा नवा उपक्रम," मनोजसाहेब जोडाकडे बोट दाखवत म्हणाले.

बाई पुढे झाल्या. आवाज अगदी खाली. "साहेब, उपक्रमाचं नंतर सांगा. हा धाऊ. याचा हात कसा भाजला, ते आधी सांगा यांना."

साहेब घड्याळ बघायला लागले. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.