तिनंच शोधलेला नियम

कंपनीच्या कामासाठी फ्रान्सला राहून आम्ही कोथरूडला परतलो, तेव्हा साडेतीन वर्षांच्या लेकीला मराठी समजायचं, पण ती बोलायची फ्रेंचच. मी सारखी चुका काढायचे, त्यामुळे ती हळूहळू गप्प व्हायला लागली होती. एकदा बागेत मी तिला पुन्हा दटावलं, ‘‘‘प्रांद्यू’ नाही, ‘प्री’!’’

बाकावर मेथी निवडत बसलेल्या बाईंनी विचारलं, ‘‘काय चुकलं हो तिचं?’’

‘‘आपण ‘घेतलं’ म्हणतो ना, तिथं ‘घेलं’ म्हणावं, तसं.’’

बाई हसल्या. ‘‘माझ्या बालवाडीतली मुलं ‘करलं’ म्हणतात. मोठं कुणी असं बोलतं का? मग ऐकतील कुठून? नियम त्यांनीच शोधलेला असतो. हिलाही सापडलाय.’’

त्यांनी लेकीला मेथीची पानं खुडायला शिकवलं. लेक फ्रेंचमध्ये बडबडत राहिली; या वेळी मी तिची एकही चूक काढली नाही.

निघताना लेक चक्क मराठीत म्हणाली, ‘‘आज्जी, उद्या मी आली!’’

‘‘ये हो,’’ बाई म्हणाल्या.