दादाच्या फोल्डरला आम्ही लावलेलं कुलूप

दादाने माझं सगळं ऐकलं, म्हणून आज वहिनीकडे त्याचा एकही धड फोटो नाही.

आज दादाला जाऊन वर्ष झालं.

आमचं घर तारकर्लीला. दादाने घराच्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली आणि बुकिंगच्या ईमेलसाठी कॉम्प्युटर घेतला. ठेवला कुठे, तर पडवीत. येईल तो पाहुणा त्यावर बसायचा.

मी एकदा हटकलं, तर म्हणाला, "पावण्याक नाय कसा म्हणूचा रे?"

त्यातल्याच एका पाहुण्याने पेनड्राइव्हवर घरातले फोटो उचलले. वहिनीचा आणि तिच्या छोट्या लेकीचा, नमूचा, समुद्रावरचा फोटो एका साइटवर कोणाच्या तरी प्रोफाइलला दिसला. खाली घाणेरड्या कमेंट्स.

वहिनी चार दिवस बाजारात गेली नाही.

दादाचा मला पुण्याला फोन. आवाज एवढासा झालेला.

"माका एकच सांग. सुरवात खंयसून करू?"

मी आयटीवाला. लोकांच्या कंपन्यांची सिक्युरिटी बघून पोट भरतो. मी त्याला घरच्या घरी करता येण्यासारख्या चार गोष्टी सांगितल्या. पाहुण्यांसाठी वेगळं लॉगिन. ईमेलचा पासवर्ड बदलणं. फोटोंच्या सीड्या काढून कपाटात ठेवणं. आणि चौथी, फोटोंच्या फोल्डरलाच एका फुकटच्या सॉफ्टवेअरने कुलूप लावणं.

नवशिक्याने आधी काय करावं, हे मला पक्कं ठाऊक होतं. चुकलं तर परत पहिल्यासारखं करता येईल असंच काहीतरी. वेगळं लॉगिन, नाहीतर सीड्या. अर्ध्या तासाचं काम.

पण तो घाबरला होता आणि मला मीटिंगला जायचं होतं.

"ह्यातला भक्कम खंयचा?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, चौथं.

मला पोहायला दादाने शिकवलं होतं. आठवडाभर त्याने मला गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊ दिलं नव्हतं. मी मात्र त्याला पहिल्याच दिवशी खोल पाण्यात सोडलं. तेव्हा हे मनातही आलं नाही.

दोन रविवार फोनवर बसून आम्ही ते कुलूप लावलं. मी बजावलं, पासवर्ड लांबलचक ठेव. नाव नको, जन्मतारीख नको. कुठे लिहू नको, कोणाला सांगू नको. आणि फोटोंची उघडी कॉपी बाहेर कुठेही ठेवू नको.

तिसऱ्या रविवारी त्याचा फोन आला. खूश होता.

"झाला सगळा. तुझ्या वयनीक पण पासवर्ड सांगूक नाय."

"आणि उघड्या कॉप्या?"

"खाडीत सोडलंय."

घरातले जुने आल्बम खाऱ्या हवेने बुरशी लागून चिकटले होते. ते त्याने आधीच स्टुडिओतून स्कॅन करून आणले होते. आल्बममध्ये आई-बाबा होते, लग्नातले देव होते. असलं काही आमच्याकडे कचऱ्यात टाकत नाहीत. दादाने फुलं वाहून सगळे आल्बम खाडीत सोडले, आणि स्टुडिओवाल्याने दिलेली सीडीसुद्धा.

मी म्हटलं, बरं केलंस. सीड्या मी चतुर्थीला आलो की काढू.

श्रावणात दादाच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलला नेताना रिक्षातच गेला.

बाराव्याला हार घालायला फोटो हवा होता. कॅमेरा कायम दादाच्याच हातात, त्यामुळे दुसऱ्या कोणाकडे त्याचा फोटो नाही. शेवटी निवडणूक ओळखपत्रावरचा मोठा करून आणला. नमू बघत राहिली आणि म्हणाली, "हे बाबा नाय."

वहिनी मला म्हणाली, "भावजी, तुमी कॉम्प्युटरातले. तुमका उघडूक येतला मां?"

मी हो म्हटलं.

होडीचं नाव, कुलदैवत, माशांची नावं, आईचं माहेर. वहिनी शेजारी बसून सुचवायची, मी टाइप करायचो. कॉम्प्युटर दर वेळी तेच सांगायचा, पासवर्ड चुकला. ऑफिसातल्या सगळ्यात हुशार माणसाला दाखवलं. तो म्हणाला, उघडणार नाही, चांगलं सॉफ्टवेअर आहे.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. क्लायंटला मी रोज सांगतो, आधी कॉपी, मग कुलूप.

मे महिन्यात वहिनीने सहज विचारावं तसं विचारलं, "त्या पावण्यान नेलले फोटो तरी त्येच्याकडे आसतले मां? तेच्यात ह्ये पण होते."

ते प्रोफाइल मीच तक्रार करून काढायला लावलं होतं. तो पाहुणा कोण, हे कधी कळलंच नाही. ज्याने आम्हाला लुबाडलं त्याच्याकडे आमचे फोटो असतील, आणि आमच्याकडे नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

वहिनी आत जाऊन तांदूळ निवडत बसली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

कोणी आमच्याकडे राहून गेलं असेल आणि हे वाचत असेल, तर तुमचे फोटो एकदा बघा. मागे कुठे होडी ओढताना, जेवण वाढताना दादा असेल. अर्धा असला, पाठमोरा असला, तरी पाठवा.

नमू सहा वर्षांची आहे. परवा मला विचारत होती, बाबांना मिशी होती का.

दादा, आज घरात सगळ्यांनी तुला हात जोडले. मीही जोडले.
तू निवांत जा.
माझ्याच्याने ते उघडत नाही रे.