नायलॉनचा जबडा

संध्याकाळी भिकाजीमामा लाळ गिळत नव्हते. ती ओठाच्या कडेने गळत होती आणि ते खांद्यावरच्या पंच्याने पुसत होते. तेव्हा मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. आता साडेअकरा वाजलेत, मुलं झोपलीत, आणि तो पंचा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मामांचं घर आमच्या कस्टम्सच्या क्वार्टर्सच्या कुंपणाला लागून आहे. बी.ए. होऊन, लग्न करून मी छप्पन साली मालवणात आले तेव्हा ते सुताचं जाळं विणत. पायाच्या अंगठ्यात जाळं ताणलेलं, हातात सुई आणि तोंड बोलायला मोकळं. माझ्या थोरलीला पहिल्यांदा ताप आला तेव्हा मी रडत बसले होते. मामा कुंपणापलीकडून रात्रभर मला गोष्टी सांगत राहिले.

तीन वर्षांपूर्वी किनाऱ्यावर नायलॉन आलं. सुताची गाठ पाण्यात फुगते आणि बसते. नायलॉनची निसटते. तरुण मंडळी एक वेढा जास्त घेतात, पण मामांना त्यात कमीपणा वाटला. त्यांनी धागा उजव्या दाढांत धरून गाठ आवळायला सुरुवात केली. दिवसाला शेकडो गाठी. संध्याकाळपर्यंत कानापुढचा सांधा ठणकायचा, जांभई दिली की कट् असा आवाज यायचा.

“मामा, दातांनी ओढू नका हो,” मी म्हणायचे.

“वयनी, माझी गाठ सुटली तर मासो जातलोच, पण नावपण जातला!”

किनाऱ्यावर त्या दुखण्याला ‘नायलॉनचो जबडो’ असं नावच पडलं. सुभद्रामामी तव्यावर वाळू तापवून फडक्यात बांधायची आणि शेकायची. सकाळी मामा पुन्हा जाळ्यावर.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांची उजवीकडची खालची दाढ दुखू लागली. त्यांनी तंबाखू दाबून ठेवली. मग एक दिवस दुखणं आपोआप थांबलं. “मेली एकदाची,” मामा खुशीत म्हणाले. परवा जबडा धरला, तेव्हा दाढेची आठवण कुणालाच झाली नाही. सगळ्यांनी नायलॉनला शिव्या दिल्या. शेकायला खडेमीठ मीच नेऊन दिलं.

आज संध्याकाळी गेले तर मामी म्हणाली, “बघा वयनी, दोन दिस घरात शांतता आसा. येरवी ह्यांचा तोंड गप बसता खंय?”

मामांनी हसायचा प्रयत्न केला. ओठ हलले, दात उघडले नाहीत. “उद्या बरो होतलंय,” ते म्हणाले, पण आवाज त्यांचा नव्हता. घास तोंडात धरून बोलावं तसा होता.

“पेजपण नको म्हणतत,” मामी हळूच म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. चटका बसला. हनुवटीखाली सूज होती, दगडासारखी घट्ट, मानेपर्यंत उतरलेली. आणि मी शहाणी म्हणाले, “सकाळी दवाखान्यात जाऊ.”

कोल्हापूरला हॉस्टेलवर असताना माझी अक्कलदाढ सुजली होती. तिथल्या दातांच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, सांध्याचं दुखणं चावून वाढतं, विश्रांतीने उतरतं. त्याने ताप येत नाही आणि मान सुजत नाही. तोंडात दोन बोटं उभी जाईनाशी झाली, सूज हनुवटीखाली आली, थुंकी गिळता येईनाशी झाली, तर रात्र काढायची नाही. सूज आतून घसा दाबते आणि माणूस गुदमरतो.

हे सगळं मला ठाऊक होतं. तीन वर्षं तोच जबडा, तीच बाजू, तोच शेक, म्हणून मी नीट बघितलंच नाही. दाढ मेली म्हणून आजार गेला नव्हता, पू आत उतरत होता.

लिहिता लिहिता मान वर केली. खिडकीतून मामांची पडवी दिसते. कंदील अजून जळतोय. मामा खांबाला टेकून ताठ बसलेत, हनुवटी पुढे काढून. साडेनऊला मी खिडकी लावायला आले तेव्हाही ते असेच बसले होते. त्यांना आडवं होता येत नाहीये.

माझे यजमान रत्नागिरीला गेलेत. पुढच्या खोलीतला टेलिफोन कचेरीचा आहे, घरच्या कामाला त्याला हात लावायचा नाही अशी त्यांची सक्त ताकीद आहे. मध्यरात्री नायलॉनच्या जबड्यासाठी डॉक्टरांना उठवलं म्हणून उद्या किनारा हसेल. हसू दे.

एक्स्चेंजवरचा माणूस झोपला असेल, तो उठेपर्यंत घंटा वाजत ठेवायची. डॉक्टरांना ‘जबडा दुखतोय’ म्हणायचं नाही. गिळता येत नाही, आडवं होता येत नाही, मान सुजली आहे, गाडी घेऊनच या, एवढंच सांगायचं. मी फोन करायला उठते आहे.