नानांचं 'बरं'

आमच्या धुळ्याच्या हौशी नाटक मंडळात नाटक वर्षाला एक होतं आणि किस्से आठवड्याला चार! नाट्यस्पर्धा संपली की संवाद विसरतात, किस्से मात्र पाठ राहतात. त्यातले निम्मे एकाच माणसाचे. नानांचे.

नाना आमचे दिग्दर्शक. रिटायर्ड मास्तर, राहायला शिंदखेड्याला. रविवारी एसटीनं तालमीला येतात. जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या की मी, साधा प्रॉम्प्टर, पोट आत घेऊन उभा राहतो! काम आवडलं नाही की नाना म्हणतात, "आखो करा." म्हणजे पुन्हा करा. आवडलं तर फक्त "बरं." त्या एका 'बरं'साठी सगळ्यांचा जीव टांगलेला.

सगळ्यात जास्त विज्याचा. विज्या बँकेत कॅशियर, आमचा हीरो. इतकी वर्षं कामं केली, पण ते 'बरं' काही त्याच्या वाट्याला आलं नाही. नाना नसले की फाडू काम, नाना समोर बसले की लाकूड! यंदा त्यानं जाहीरच केलं, "या वर्षी नाही मिळालं तर मेकअपचा डबा माळ्यावर!"

*

तालमी चालतात किशोरशेठच्या गोडाऊनमध्ये. कापडाचे व्यापारी, गिऱ्हाइकाला बोलून बोलून गार करणारे. नाटकात त्यांना फौजदाराचं काम होतं. विज्याला अटक करायची, बस्स!

शेठ रुबाबात आत आले. समोर नाना दिसले. शेठ तडक विज्याला ओलांडून गेले आणि नानांच्या पाया पडले!

नाना म्हणाले, "फौजदार, आधी त्याले पकड. पाय मंग पड!"

*

कल्पनाताई शाळेत शिकवतात. त्यांनी नुसतं बघितलं तरी वर्ग चिडीचूप. पण रडायचा सीन काही केल्या जमत नव्हता.

हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी केली. ताईंची जागा नेमकी नानांशेजारी. भरीत असं जहाल की कानातून वाफा! नानांनी विचारलं, "तिखट लागस का?" ताईंच्या डोळ्यांतून धारा, तोंडानं मात्र, "नाही नाना, मस्त आहे!"

नाना आमच्याकडे वळून म्हणाले, "देखा! आज कसा जमना!"

*

मी लोकांना हसतो खरा, पण माझंही तेच. एकदा नानांना गाडीतून जळगावचं थिएटर दाखवायला नेत होतो. रस्ताभर मनात एकच घोळत होतं, काहीतरी शहाण्यासारखं बोलावं. वाक्य जुळवलं की मोडायचं. जुळून आलं तेव्हा समोर मुक्ताईनगरची पाटी! जळगाव कधीच मागे पडलं होतं.

"नाना, सांगायचं नाही का?"

"माले वाटनं, तू मोठा विचारमा शे!"

काय असतं या माणसात, देव जाणे. त्यांच्याजवळ बसवत नाही आणि उठून जावंसंही वाटत नाही. आपण आहोत त्यापेक्षा जरा बरे असायला हवं होतं, अशी रुखरुख लागते.

*

स्पर्धेचा प्रयोग त्याच थिएटरात होता. सकाळपासून विज्याच्या येरझाऱ्या सुरू. सारखा पडद्याच्या फटीतून पहिली रांग बघायचा. "नाना आले का?" शेवटी कल्पनाताईंनी ठोकून दिलं, "येत नाहीत. एसटी बंद पडली." विज्याचा चेहरा पडला आणि खांदे सैल झाले. दोन्ही एकदमच!

नाना आले होतेच. विज्याला ते दिसू नयेत म्हणून मी त्यांना माझ्या जागी, विंगेतल्या काळ्या पडद्याआडच्या स्टुलावर बसवलं. जागा एकाचीच, म्हणून स्क्रिप्टही त्यांच्याच हातात दिली. "अडला तर कुजबुजून शब्द द्या. आवाज ओळखू येणार नाही." मी समोरच्या विंगेत गेलो.

विज्या असा काही सुटला म्हणता! शेवटच्या सीनमध्ये तो आपल्या वारलेल्या बापाच्या रिकाम्या खुर्चीशी बोलतो. तिथं तो अडला. काळ्या पडद्याकडे पाहिलं. शब्द येईना.

मग विज्यानं खुर्चीवरची धूळ हातानं पुसली. स्क्रिप्टमध्ये नसलेलं, आपल्याच मनातलं काहीतरी तो हळू आवाजात बोलला आणि सीन पुढे नेला.

पडदा पडताच विज्या चिडून माझ्या जागेकडे धावला. "झोपला होतास का रे?" म्हणत त्यानं काळा पडदा ओढला, तर स्टुलावर नाना!

मी धापा टाकत पोचलो. "नाना, शब्द का नाही दिला? विसरलात?"

मांडीवर स्क्रिप्ट. उघडं पान पहिलंच. नाना चष्मा पुसत म्हणाले, "इसरी गऊ रे भो! मी नाटक देखी ऱ्हायंतू."