आपल्या माणसांतली खोली

गायत्रीला ग्लासगोच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा तिच्या वडिलांना, व्यंकोजीरावांना, अभ्यासापेक्षा तिच्या खोलीची काळजी जास्त होती. कुंभकोणमला त्यांचं कुरिअरचं दुकान. गल्लीतले शेषाद्री, तमिळ, शाळेत शिक्षक, मुद्दाम दुकानात येऊन म्हणाले, "आमची लक्ष्मीप्रिया तिथेच शिकते. तिच्या खोलीत एक पलंग रिकामा आहे."

व्यंकोजीरावांनी हसून नकार दिला. "तिथे आमची माणसं आहेत, सार."

आमची माणसं म्हणजे पुण्याच्या तीन मुली. मराठी, शाकाहारी मुलगी हवी, अशी त्यांची जाहिरात गायत्रीला फोनवर दिसली होती. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या मराठा दरबाराबरोबर तमिळ मुलखात आलेलं घराणं, पण व्यंकोजीरावांनी पुणं कधी पाहिलं नव्हतं. गावात त्यांना कुणी परकं मानत नसे. तरी आपले खरे लोक दुसरीकडे कुठेतरी आहेत, ही समजूत त्यांनी जन्मभर सांभाळली होती. जवळच्या मरुदानल्लूरच्या मठात भजनाला जमलेल्या मंडळींना त्यांनी खोलीची बातमी स्वतःहून सांगितली.

पहिल्या दिवशी गायत्रीने व्हिडिओ कॉल लावला. तिन्ही मुली एकेक करून समोर आल्या.

"काका, किती गोड बोलता हो तुम्ही. ते 'मज', 'तुज' परत म्हणा ना."

व्यंकोजीरावांनी परत म्हटलं. मुली हसल्या. तेही हसले. फोन ठेवल्यावर बायकोला, सीतालक्ष्मीला, म्हणाले, "मोकळ्या मनाच्या आहेत पोरी."

पुढे फोन विद्यापीठाच्या वाचनालयातून येऊ लागले. अभ्यास वाढला असेल, असं ते धरून चालले.

सप्टेंबर सरता सरता शेषाद्री एक खोकं घेऊन दुकानात आले. परदेशी जाणारं खोकं गिऱ्हाइकासमोर उघडून बघायचं, ही दुकानाची पद्धत. आत पापड, सांबाराची पूड, वाळवणं, खोबरेल तेल. सगळं दोन-दोन.

"लक्ष्मीप्रिया दुकान काढतेय की काय?" व्यंकोजीराव म्हणाले.

"निम्मं तुमच्या गायत्रीचं. रिकामा पलंग एका तेलुगू मुलीने आधीच घेतला ना, म्हणून आपल्या दोघी एकाच पलंगावर झोपतात. थंडीत बरंच आहे म्हणा." शेषाद्री थांबले. "तुम्हाला ठाऊक असेलच."

"हो, हो. ठाऊक आहे."

चिकटपट्टी वाकडी लागली. शेषाद्रींनी ती पाहिली आणि नजर रस्त्याकडे वळवली.

दुकान लवकर बंद करून व्यंकोजीराव घरी आले आणि त्यांनी फोन लावला.

"कोठें राहतेस तूं?"

"त्या तिघींची मैत्रीण आली पुण्याहून, अप्पा. मज म्हणाल्या, तुझ्या तमिळ माणसांत तुज बरें वाटेल."

"आपण मराठी म्हणोन सांगितलें नाहीस?"

"रोज सांगत होतें. पाहुणे आले कीं मज मध्यें बसवोन बोलायला लावीत. गणपतीपुढें अभंग म्हटला, तो फोनवर घेतला. दहा जणांस पाठविला." तिचा आवाज चढला नाही. "तुमचें बोलणेंही घेतलें होतें, पहिल्या दिवसाचें. अजून लावतात."

सीतालक्ष्मी दारात उभी होती. तिने वर पाहिलं नाही. तिला हे आधीपासून माहीत होतं, हे व्यंकोजीरावांच्या तेव्हा ध्यानात आलं.

"मजच तेवढें सांगितलें नाहीस."

"तुम्ही साऱ्या भजनांत सांगोन बसला होतां. काय सांगूं?"

तेवढ्यात फोनवर मागचं दार वाजलं आणि लक्ष्मीप्रिया खोलीत आली. अप्पांचा फोन आहे, असं गायत्री तिला तमिळमध्ये म्हणाली, आणि मग तमिळमध्येच पुढे बापाशी बोलू लागली. लक्ष्मीप्रियासमोर वेगळ्या भाषेत कशाला बोलायचं, असं तिला वाटलं असावं. जेवण झालं का, पाय दुखायचा थांबला का.

व्यंकोजीरावांच्या घरात उंबऱ्याच्या आत तमिळ बोलत नसत. दूधवाल्याशी बोलायला सीतालक्ष्मी पायरीवर जाई. लहानपणी शाळेतून येताच गायत्री तमिळ बोलली, तर तिला परत दाराबाहेर जाऊन मराठीत बोलत आत यावं लागे.

आता तिला टोकावं असं त्यांच्या तोंडाशी आलं. बायको बघत होती.

जेवण व्हायचंय अजून, असं ते तमिळमध्ये म्हणाले.