स्वतः चालू शकता का?

कचेरीत तिला आधी सगळे 'बाकावरची बाई' म्हणायचे, आणि त्यात कौतुक औषधालाही नव्हतं. सरकारी अर्जांची रचना करायची तिची नोकरी. टेबल, खुर्ची, संगणक सगळं दुसऱ्या मजल्यावर दिलेलं. पण ही बया नव्या अर्जाचा कच्चा मसुदा घेऊन खाली उतरायची आणि खिडक्यांसमोरच्या लाकडी बाकावर लोकांना खेटून बसायची. "जरा हा भरून बघता का?" म्हणायची आणि माणसाकडे नाही, त्याच्या पेनाकडे बघत राहायची. पेन अडखळलं की समासात टिंब. एका प्रश्नापुढे तीन टिंबं पडली की तो प्रश्न बदलायचा. बाकावरून पास झाल्याशिवाय अर्ज छापायला द्यायचा नाही, हा नियम तिने स्वतःच केला आणि चौदा वर्षं स्वतःच पाळला.

लोक हसले, मग हसायचे थांबले, कारण तिच्या अर्जांवरून खिडकीत भांडणं होईनात. "बाई, तुमच्यामुळे माझा घसा वाचला," असं खिडकीतला कारकून एकदा म्हणाला, आणि तो माणूस कधी कुणाला चांगलं म्हणणाऱ्यांतला नव्हता. मग बढती आली. हाताखाली पाच माणसं, काचेची केबिन, आणि बाकावरच्या बाईची एका दिवसात मॅडम झाली. बैठकांमागून बैठका. खाली उतरायला सवड मिळेना, आणि पुढेपुढे तिने ती काढायचंही सोडलं.

घरी वडील. सुतार. आयुष्यभर लोकांच्या दारांना चौकटी बसवल्या, आणि आता गुडघ्यांनी दगा दिल्यावर घरातल्या चौकटी धरून फिरायचे. घरात दोघंच. लेकीच्या बढतीने म्हातारा नुसता फुलून गेला होता. तिने केलेला प्रत्येक अर्ज, लागो न लागो, घरी मागवायचा आणि हत्यारांच्या जुन्या पेटीत जपून ठेवायचा.

त्या वर्षी नवी योजना आली: ज्यांना एकट्याने वावरता येत नाही त्यांच्यासाठी दिवसा घरी मदतनीस. अर्ज मॅडमच्या विभागाने करायचा होता. तिने पहिलाच प्रश्न लिहिला, 'काल घरात कशाला धरून चाललात?' खाली चार चौकोन: भिंत, काठी, माणूस, कशालाच नाही. हा प्रश्न तिला कुठे सुचला हे वेगळं सांगायला नको.

मोठ्या साहेबांनी तो वाचला आणि चष्मा काढला. "मॅडम, गप्पा मारायला बसलाय का लोकांशी? संगणकाला होय-नाही कळतं. 'स्वतः चालू शकता का?' एवढंच विचारा. होय म्हणाला की विषय संपला."

विभागात एक धाकटी डिझायनर होती. मॅडमनेच निवडलेली, मॅडमसारखीच हट्टी. ती साहेबांचा प्रश्न घेऊन गुपचूप बाकावर बसून आली. "एकोणीस जणांनी भरला मॅडम. चौदांनी 'होय' केलं. आणि त्या चौदांतल्या नऊ जणांना उठताना मी हात दिला. चारचौघांत कोण लिहील हो, मला चालता येत नाही म्हणून?"

"टिंबं किती?"

"एकही नाही. तेच तर सांगतेय. पेन अडखळतच नाही, सरळ चुकीच्या चौकोनात जातं."

दुसऱ्या दिवशी बैठकीत साहेबांनी विचारलं, "कुणाची हरकत?" धाकटीने मॅडमकडे पाहिलं. मॅडमने पेनाच्या टोपणाकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर धाकटीला समजावलं, "कुठे भांडायचं आणि कुठे नाही, हे कळणं म्हणजेच नेतृत्व. एका प्रश्नापायी अख्खा विभाग पणाला लावायचा का?" खरं सांगायचं तर विभाग-बिभाग काही नाही, केबिनची चटक लागली होती. धाकटीने आठवड्यात रेकॉर्ड रूमला बदली मागितली. मॅडमला राग नाही आला, लाज वाटली, आणि लाजेपायीच तिने त्या कागदावर झटकन सही करून टाकली.

सहा महिन्यांनी आकडे आले. अंदाजाच्या निम्मेच गरजू निघाले होते. "लोक आपण समजतो त्यापेक्षा धडधाकट आहेत," साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. तिनेही वाजवल्या.

वडिलांना तिने अर्ज स्वतः भरायला सांगितला होता, मॅडमने वशिला लावला असं कुणी म्हणायला नको. भरलेला अर्ज तिने पाहिला नाही. पाहायला हवा होता, पण त्यात काय दिसेल हे ठाऊक होतं.

एका दुपारी शेजारणीचा फोन आला. वडील स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळात लागणारे वडिलांचे कागद शोधायला तिने घरी येऊन हत्यारांची पेटी उघडली, तर तिच्या सगळ्या अर्जांवर एक पत्र घडी घालून ठेवलेलं. 'आपण स्वतः चालू शकत असल्याने आपल्याला मदतनिसाची गरज नाही.' पत्रही तिच्याच विभागाचं. अक्षरं ठसठशीत, ओळींत मोकळी जागा, एक शब्द अवघड नाही.

"बाबा, मला सांगितलं का नाहीत?" इस्पितळात परतल्यावर तिने विचारलं.

"सांगायचं काय त्यात? मी चालू शकतो असं सरकारने लिहून दिलंय. बरं वाटलं वाचून."

चौथ्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरने कोरा अर्ज आणून दिला. "आता नव्याने करा. घरी नेल्यावर माणूस लागेलच."

ती खाटेशेजारच्या बाकावर बसली. वडील उशीवरून म्हणाले, "होय कर गं. महिन्याभरात चालतो की नाही बघ."

तिचं पेन थांबलं.

"सगळे हेच करतात," सिस्टर सलाईन नीट करत म्हणाली. "हाड मोडून इथे येतात आणि तरी 'होय' लिहितात. कुठल्या शहाण्याने काढला हा प्रश्न, कोण जाणे."

वडिलांनी कण्हत मान वळवली. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला होता.

"कोण जाणे काय? माझ्या लेकीने काढलाय. ही काय, इथेच बसलीय."

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं. मॅडमने पेनाच्या टोपणाकडे पाहिलं.