हळदीच्या पानावरची भेळ

सांगलीच्या गावभागात संध्याकाळी दोन प्रकारची माणसं असतात, असं सुमंत सोवनींचं मत होतं. एक, नवयुग मंडळाचा वार्ताफलक वाचून घराबाहेर पडणारी. आणि दुसरी, न वाचता पडणारी आणि मग पस्तावणारी. तो फलक सुमंत सोवनीच लिहीत, त्यामुळे हे मत सोडून द्यावं.

सोवनी पाटबंधारे खात्यात कारकून होते. वय बावन्न, अक्षर मोत्यासारखं, स्वभाव जरा कुढा. ऑफिस सुटलं की सायकल चौकात लावायची, स्टुलावर चढायचं, ओल्या फडक्यानं पाटी पुसायची आणि खडूनं गावाची संध्याकाळ मांडायची. नाट्यगृहात आज कोणतं नाटक, मिरजेहून आलेला गवई कुणाच्या माडीवर बसणार, घाटावर भजन कुणाचं, कवलापूरची गाजरं बाजारात आली का, कोणत्या खानावळीत कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत आहे. हे एकोणीस वर्षं चाललं होतं आणि एकोणीस वर्षांत फलकावर खोटं एक अक्षर आलं नव्हतं. सोवनींनी भरीत लिहिलं म्हणजे भरीत असायचंच. नसलंच तर खानावळवाला पिशवी घेऊन वांगी आणायला पळायचा.

फलकाखाली लिहिणाऱ्याचं नाव घालायची मंडळाची रीत नव्हती. घालू नये असा ठरावही नव्हता. कुणीतरी आपण होऊन म्हणेल, "अहो सोवनी, नाव घाला की खाली," याची ते मुकाट्यानं वाट पाहत होते. आपल्याच हातानं आपल्या गळ्यात हार घालून घ्यायचा म्हणजे शोभत नाही. आणि दुसरं कुणी काही घालत नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली फलकाच्या बरोबर समोर पुष्कर नावाच्या तरुण इंजिनिअरनं कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. मुलगा मूळचा साताऱ्याचा. सांगलीत येऊन त्याला पुरती तीन वर्षं झाली नव्हती. दुकानात फोनच्या तारेतून इंटरनेट यायचं आणि येताना मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखं किंचाळायचं. या पुष्करनं 'सांगलीची संध्याकाळ' नावाचं वेबपेज काढलं. कुठं काय खावं, कुठं काय ऐकावं, कोणत्या कट्ट्यावर बसावं, सगळं त्यात. पानाच्या शेवटी गेस्टबुक होतं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यानं शेरा लिहायची वही. शिकागो, मस्कत, सिंगापूर, जिथं जिथं सांगलीचा माणूस पोटासाठी गेला होता तिथून तिथून तो त्या वहीत इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून रडायचा. "पुष्कर, तुझ्यामुळे माझं गाव मला परत मिळालं!" असले शेरे पुष्कर छापून घ्यायचा आणि दुकानाच्या काचेवर चिकटवायचा. फलक वाचायला आलेली माणसं फलकाकडे पाठ करून काच वाचू लागली.

सोवनींच्या पोटात दुखू लागलं. म्हणजे खरोखरच दुखू लागलं. ओवा खाऊनही थांबेना.

"काल आला आणि आम्हाला सांगली शिकवतो!" ते घरी म्हणाले.

त्यांच्या पत्नी क्षमाबाई भाकरी थापत होत्या. त्यांचं माहेर सातारा, हे सोवनी रागाच्या भरात विसरले होते.

"शिकवणारच," क्षमाबाई म्हणाल्या. "आमच्या साताऱ्याची माणसं मुळातच हुशार. तुम्ही शिकून घ्या थोडं."

त्या रात्री सोवनी अर्ध्या भाकरीवर उठले.

पुढं त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. आज फलकावर जे यायचं ते उद्या काचेवर असायचं. भरीत, भजन, गवई, सगळं जसंच्या तसं, फक्त इंग्रजीत. शेजारणीच्या ताटात आपली वाटी दिसावी तसं त्यांना झालं. चोर पकडायचा तर मुद्देमालासकट पकडावा, म्हणून त्यांनी एक बेत केला. फलकावर एक बातमी अशी लिहायची की जी जगात कुठंच नाही. ती काचेवर आली की चार माणसांसमोर पुष्करची मान धरायची.

स्टुलावर चढून त्यांनी कोरी पाटी पुन्हा दोनदा पुसली, हे सांगितलं पाहिजे. एकोणीस वर्षांचा नेम मोडत होता. पण मत्सरानं माणसाचं अक्षर बिघडत नाही, उलट अधिक वळणदार येतं. त्यांनी पिवळ्या खडूनं लिहिलं: 'हरिपूर संगमावर पिंपळाखाली नाथाजींची प्रसिद्ध भेळ. हळदीच्या ओल्या पानावर. फक्त दिवेलागणीपर्यंत.'

दुसऱ्या दिवशी ती बातमी काचेवर होती. सोवनी ऑफिसातून सुटले ते सायकल दामटत आले, छाती फुगवून दुकानात शिरले. तोंड उघडणार तोच पुष्करनं त्यांचे दोन्ही हात धरले.

"काका, हा माणूस माझ्या नजरेतून सुटलाच कसा? तुमच्या पाटीवरून घेतलं म्हणून बरं!"

"म्हणजे तू घेतोस? माझ्या फलकावरून?"

"रोजच घेतो की. तुमचं कधी चुकत नाही. नाव घातलं असतं, पण पाटीवर कुणाचं नावच नसतं ना! ते असू दे, हे बघा आधी."

पडद्यावर गेस्टबुक उघडं होतं. न्यू जर्सीहून एकानं लिहिलं होतं, "नाथाजी! किती वर्षांनी हे नाव कानावर आलं! बाबा मला सायकलच्या नळीवर बसवून संगमावर न्यायचे. नाथाजी माझ्या पानात कैरीची एक फोड जास्त टाकायचे." मस्कतच्या बाईंना त्यांचे हळदीनं पिवळे झालेले हात आठवत होते. बोस्टनचा एक डॉक्टर लिहीत होता की नाथाजींसारखा प्रेमळ माणूस त्यानं पुढं जगात कुठं पाहिला नाही.

सोवनींनी उघडलेलं तोंड मिटलं. पुष्करला खोटं पाडायचं तर आधी फलकाला खोटं पाडावं लागणार होतं. ते सायकल घेऊन घरी आले. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस त्यांना गुदगुल्याच झाल्या. आपण एका ओळीत एक माणूस उभा केला, ही काय साधी गोष्ट आहे?

तिसऱ्या दिवसापासून मात्र पोटदुखी नव्यानं सुरू झाली आणि आता ती पुष्करमुळे नव्हती, नाथाजीमुळे होती. जो जन्मालाच आला नाही त्याला चार दिवसांत इतकं प्रेम? नाथाजी भेळेत कांदा घालायचे की नाही यावरून बोस्टन आणि मस्कतची जुंपली. चौकातला भडंगवाला सिद्धू गिऱ्हाइकांना सांगू लागला, "नाथाजी व्हय? आवं, आमच्या आबाकडनंच चुरमुरं न्यायचा त्यो! लय देवमाणूस." लोक संध्याकाळी हरिपूरला जायचे, जमिनीखाली हळद साठवायच्या पेवांवरून फिरून, संगमाचा वारा खाऊन यायचे आणि म्हणायचे, "आज आले नव्हते हो नाथाजी. प्रकृती बरी नसेल." सोवनींना एकदा पंधरा दिवस विषमज्वर होता. तेव्हा फलक कोरा राहिला होता आणि लोक म्हणाले होते, मंडळ हल्ली लक्ष देत नाही.

सोवनींनी नाथाजीला मारायचं ठरवलं.

काळी चौकट आखून त्यांनी फलकावर लिहिलं: 'हरिपूरचे नाथाजी भेळवाले यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन.' खडू खाली ठेवला आणि मोकळा श्वास घेतला. त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जेवले.

पण माणूस मेला की आणखी चांगला होतो, हे बावन्न वर्षं जगूनही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. सिद्धूनं अर्धा दिवस गाडा बंद ठेवला. गेस्टबुकात तर महापूर आला. न्यू जर्सीच्या माणसानं लिहिलं, "आज मी पुन्हा पोरका झालो." कुणी त्या संध्याकाळी भेळ केली, पालकाच्या पानावर वाढून घेतली आणि तिचा फोटो पाठवला. क्षमाबाईंनीदेखील काचेवरचं वाचून डोळ्यांना पदर लावला.

"कसला माणूस असेल नाही!" त्या म्हणाल्या.

"असेल काहीतरी," सोवनी म्हणाले आणि डब्यातला ओवा शोधू लागले.

महिना गेला आणि पुष्कर पेढे घेऊन घरी आला. कंदी पेढे, साताऱ्याचे. क्षमाबाईंचा चेहरा फुलला.

"काका, परदेशातल्या सगळ्यांनी मिळून वर्गणी पाठवली आहे. मंडळानंही मान्य केलं. चौकात नवा फलक. मोठा, वर पत्रा, पत्र्याखाली ट्यूबलाइट. आता पावसातही तुमचं अक्षर पुसलं जायचं नाही."

सोवनी सावरून बसले. अखेर कुणाला तरी आठवण झाली तर! आवाज साधा ठेवत त्यांनी विचारलं, "वर काही नाव वगैरे?"

"घालणार तर! 'कैलासवासी नाथाजी भेळवाले स्मृती वार्ताफलक.' आणि लिहायला तुम्ही आहातच."

सोवनींनी हातातला पेढा परत बशीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते स्टुलापाशी नुसते उभे राहिले. फलकाखाली दगडाबाई हार-फुलं घेऊन बसायची. ती सोवनींच्याही आधीपासून तिथं होती. गिऱ्हाईक नाही असं पाहून ती हळूच म्हणाली, "काका, एक इचारू का? माझं म्हायार हरिपूरचं. संगमावर पिंपळ हाय. पर त्याच्याखाली भेळवाला कवा न्हवता."

सोवनींनी इकडे-तिकडे पाहिलं. "मग तू बोलली नाहीस ती?"

"कशाला बोलू? तुमी लिवलंय म्हंजी असंल, म्हनलं. मग मीबी आठवून बघितलं, तर एक म्हातारा डोळ्याम्होरं आला बगा. पांढरी टोपी हुती त्याची."

ज्या शाबासकीसाठी सोवनी एकोणीस वर्षं झुरले ती हीच होती. एका बाईनं स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांच्या अक्षरावर जास्त भरवसा ठेवला होता. शहाणा माणूस तिथंच फुलांचा पुडा घेऊन घरी गेला असता. पण मत्सरानं माणसाचे कानही जातात. सोवनींना एवढंच ऐकू आलं की आता नाथाजीला टोपीसुद्धा आली.

ते स्टुलावर चढले. पाटी कोरी पुसली. त्या दिवशी फलकावर ना नाटक होतं ना भजन. मोठ्या अक्षरांत त्यांनी लिहिलं: 'हरिपूरला नाथाजी भेळवाले नावाचे कोणीही नव्हते. तो मजकूर खोटा होता. तो मी मत्सरापोटी लिहिला.' आणि खाली, आयुष्यात पहिल्यांदा, आपलं पूर्ण नाव लिहिलं. सुमंत हरी सोवनी. हरी हे वडिलांचं नाव, तेही त्यांनी ठळक काढलं. मग चौकाच्या कडेला उभे राहिले. आता लोक आपल्याला काय काय बोलतील याची त्यांना भीती होती आणि थोडी हौसही होती.

लोक जमले. वाचलं. कुणी हसलं नाही. सिद्धू गाडा सोडून आला, त्यानं दोनदा वाचलं आणि सोवनींकडे बघून मान हलवली.

"काका, तुमच्यासारख्या मानसानं असं करावं? मेलेल्या मानसावर जळता?"

"अरे, तो नव्हताच!"

"आमच्या आबाकडनं चुरमुरं न्यायचा त्यो आनि न्हवता म्हंता? आवं, फलकाला त्याचं नाव देत्यात म्हनून एवढं?"

हे शेवटचं मात्र खरं होतं. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, स्वतःच कबूल केलंय की मत्सरापोटी. एका म्हाताऱ्यानं दगडाबाईचं फडकं घेतलं आणि पाटी पुसून टाकली. जाताना दगडाबाई एवढंच म्हणाली, "न्हवतं लिवायला पायजे, काका."

क्षमाबाईंनी दोन दिवस ताट वाढून पाठ फिरवली. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आमच्या साताऱ्यात असं कुणी करत नाही."

नवा फलक लागला. पत्रा, ट्यूबलाइट, वर तांबड्या रंगात नाथाजींचं नाव. लिहायला दुसरं कुणी मिळालं नाही, तेव्हा मंडळाची दोन माणसं घरी येऊन झालं गेलं विसरा म्हणाली आणि सोवनी पुन्हा लिहू लागले. भरीत, भजन, गवई. लोक पुन्हा वाचू लागले. माणसं विसरतात, भरीत विसरत नाहीत.

एका संध्याकाळी लिहून झाल्यावर हात झटकत ते पुष्करच्या दुकानात गेले. कधी नव्हे ते स्वतःहून खुर्चीवर बसले.

"त्या वहीत माझ्याबद्दल काही आलं होतं का रे?"

"जाऊ द्या ना काका."

"दाखव."

फलकावरची ती कबुलीही पुष्करनं रोजच्यासारखी उतरवून घेतली होती. त्यानं नाइलाजानं पान उघडलं. सुमंत सोवनी, सुमंत सोवनी, सुमंत सोवनी. न्यू जर्सी, मस्कत, बोस्टन, सगळीकडून त्यांचं नाव आलं होतं आणि प्रत्येक नावापुढं शिवी नाहीतर उपदेश होता. सोवनी चष्मा पुढं सरकवून एकेक ओळ सावकाश वाचत गेले. लाज वाटत होती आणि वाचणं सोडवतही नव्हतं. अगदी शेवटी सिंगापूरच्या कुणीतरी विचारलं होतं, "पण हे सुमंत सोवनी म्हणजे कोण?"

त्याखाली बोस्टनच्या डॉक्टरनं उत्तर दिलं होतं, "आहेत एक. नाथाजींचा फलक लिहितात."